घरातील बिनतारी आंतरजाल खंडित का होते?

इ. स. १८९५ मध्ये आचार्य जगदीशचंद्र बोस यांनी कलकत्त्यात विद्युच्चुंबकीय लहरी भिंतीपलीकडे पाठवून तेथील घंटा वाजवून दाखविली. आज घरातील राउटर त्याच जातीच्या लहरींनी मोबाइलशी बोलतो. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा मुलांचे पाठ याच लहरींवर अवलंबून राहिले. यू-डायस प्लसवरील माहिती घरून भरणाऱ्या शिक्षकाचे श्रमही जोडणी तुटली की वाया जातात. अशा वेळी सर्व दोष कंपनीवर टाकण्यापूर्वी तो नेमका कोठे आहे, हे पाहणे इष्ट होय.

आंतरजालाच्या वाटेचे दोन टप्पे असतात. पहिला बाहेरून राउटरपर्यंत तारेचा व दुसरा राउटरपासून मोबाइलपर्यंत बिनतारी. राउटरच्या अगदी जवळ उभे राहून पाहावे. तेथेही जोडणी तुटत असल्यास दोष बहुधा पहिल्या टप्प्यात असतो. जवळ उत्तम व मागच्या खोलीत क्षीण असल्यास दुसऱ्या टप्प्यात.

पहिल्या टप्प्यात काचतंतूची तार कोठे तीव्र मुडपली आहे काय, ते पाहावे. कारण तीव्र वळणावर प्रकाश बाहेर निसटतो. यंत्रावर ‘लॉस’चा तांबडा दिवा लागल्यास प्रकाश पोहोचत नाही असे समजावे व कंपनीस कळवावे. वीज क्षणभर गेली तरी राउटर पुन्हा सुरू होण्यास काही मिनिटे लागतात. त्यासाठी लहान बॅटरी जोडणे हितावह.

दुसऱ्या टप्प्यातील अडथळे घरातच असतात. हिंगोली जिल्ह्याची भूमी काळ्या बेसॉल्टची आहे. त्या दगडाच्या अथवा मातीच्या जाड भिंती लहरींची शक्ती शोषून घेतात. धान्याची पत्र्याची कोठी व लोखंडी कपाट लहरी परतवितात, तर पाण्याची टाकी त्या शोषते. यास्तव राउटर कपाटात न ठेवता घराच्या मध्यभागी, उंच व मोकळ्या जागी ठेवावा.

राउटरच्या लहरी बहुधा दोन पट्ट्यांत असतात. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी भिंतींतून अधिक दूर जातात. पण शेजारचे राउटर, ब्लूटूथ व मायक्रोवेव्ह शेगडी यांची त्याच पट्ट्यात गर्दी होते. तेथे १, ६ किंवा ११ यांपैकी कमी गर्दीचा चॅनेल निवडावा. ५ गिगाहर्ट्झचा वेग अधिक, परंतु भिंतीपुढे तो लवकर क्षीण होतो; म्हणून तो त्याच खोलीतील कामास योग्य.

एका वेळी एकच बदल करावा, अन्यथा गुण कशाने आला ते कळत नाही. जोडणी तुटल्याची वेळ, जागा व त्या वेळी वीज होती की नाही, याची आठवडाभर नोंद ठेवावी. अशी नोंद असल्यास तक्रारीस आधार मिळतो. हेच निरीक्षण वरच्या वर्गातील मुलांकडून करून घेतल्यास, अनुमानापूर्वी पुरावा पाहण्याची सवय त्यांना घरच्या घरी लागेल.