ऑनलाइन दलालाची विश्वासार्हता कशी पारखावी?

शेअर बाजार म्हणजे मुंबईच्या दलाल स्ट्रीटवरचा कारभार, असा एकेकाळी सर्वसाधारण समज होता. आता गडचिरोली जिल्ह्यातील धानोऱ्यासारख्या जंगलपट्ट्यातील तालुक्याच्या गावी बसूनही मोबाईलवर शेअर्सची खरेदी-विक्री करता येते. मोहफुलांचा व्यापारी असो, किराणा दुकानदार असो की वेल्डिंगचा कारागीर, बचतीचे चार पैसे तेथे गुंतवावेत असे त्यास वाटणे स्वाभाविक आहे. अडचण एवढीच की, गावच्या व्यापाऱ्याची पत आपण त्याच्या वजनकाट्यावरून आणि देण्याघेण्यावरून ओळखतो. ऑनलाइन दलालाची गादी आपणास दिसत नाही. मग त्याला पारखावे कसे?

मोठे नाव आणि गावोगावच्या शाखा पाहून निर्धास्त होणाऱ्यांनी हैदराबादच्या कार्वी स्टॉक ब्रोकिंग कंपनीचे उदाहरण लक्षात ठेवावे. ही कंपनी सेबीकडे रीतसर नोंदलेली, जुनी आणि देशभर पसरलेली होती. तरीही २२ नोव्हेंबर २०१९ रोजी सेबीने तिला नवे ग्राहक घेण्यास मनाई केली. ग्राहकांनी दिलेल्या मुखत्यारपत्राचा गैरवापर करून त्यांचे शेअर्स कंपनीने आपल्या खात्यात वळवले व बँका आणि वित्तसंस्थांकडे तारण ठेवून कर्ज उचलले, असे आढळले होते. सुमारे ८३ हजार ग्राहकांचे शेअर्स डिसेंबर २०१९ मध्ये परत मिळाले, परंतु सर्वांचे पैसे लगेच सुटले नाहीत. नोव्हेंबर २०२० मध्ये राष्ट्रीय शेअर बाजाराने कंपनीस थकबाकीदार ठरवून सदस्यत्वावरून काढले. २०२३ मध्ये सेबीने कंपनी व तिच्या प्रवर्तकावर सात वर्षांची बाजारबंदी घातली.

यावरून आम्ही एकच निष्कर्ष काढतो. दलाल किती मोठा हे दुय्यम आहे. आपला माल आणि आपले पैसे कोठे आहेत, हे दलालाच्या तोंडी शब्दावाचून आपणास तपासता येते की नाही, हे पहिले.

त्यासाठी व्यापारी बंधूंनी पुढील गोष्टी कराव्यात. दलालाचा नोंदणी क्रमांक सेबीच्या संकेतस्थळावर स्वतः शोधावा. तो ‘आयएनझेड’ या अक्षरांनी सुरू होतो. नाव, पत्ता आणि पैसे भरावयाचे बँक खाते तेथील नोंदीशी जुळले पाहिजे. एखाद्या व्यक्तीच्या खात्यात पैसे भरण्यास सांगितले, तर तेथेच थांबावे.

शेअर्स दलालाकडे नव्हे, तर एनएसडीएल किंवा सीडीएसएल या संस्थांकडील आपल्या डिमॅट खात्यात असतात. या संस्था थेट पाठवतात ते विवरणपत्र दलालाच्या हिशेबाशी ताडून पाहावे. खात्यास मोबाईल व ई-मेल आपलाच द्यावा, एजंटाचा नव्हे. सप्टेंबर २०२० पासून तारणासाठीही शेअर्स आपल्याच खात्यात राहतात आणि ओटीपीशिवाय तारण होत नाहीत. म्हणून ओटीपी कोणासही सांगू नये. सरसकट मुखत्यारपत्रावर सही करू नये.

सुरुवातीस थोडी रक्कम भरावी, एखादा लहान व्यवहार करावा आणि पैसे परत बँकेत मागवून पाहावेत. पैसे काढण्यासाठी ‘आधी कर भरा’, ‘आधी शुल्क भरा’ असे म्हणणारा दलाल नव्हे, ठग समजावा. ठरावीक नफ्याची हमी देण्यास नोंदणीकृत दलालास मनाईच आहे.

व्याजापासून दूर राहू इच्छिणाऱ्या वाचकांनी आणखी दोन बाबी पाहाव्यात. दलाल उधारीवर शेअर्स घेऊन देतो, त्या ‘मार्जिन ट्रेडिंग’ सुविधेवर व्याज लागते. ती आपल्या नावे सुरू नाही ना, हे विचारून घ्यावे. दुसरे म्हणजे, परदेशी चलनाच्या सट्ट्याची काही ॲप्स ‘इस्लामिक खाते’ अशी जाहिरात करतात. व्याज नाही म्हणजे व्यवहार कायदेशीर आहे, असे मुळीच नाही. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये अशा ३४ अनधिकृत संस्थांची सावधगिरीची यादी काढली आणि पुढे ती वाढवली. यादीत नाव नसणे म्हणजे परवानगी असणे नव्हे, हेही बँकेने स्पष्ट केले आहे.

दलाल प्रामाणिक असला म्हणजे नफा होईलच असेही नाही. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, आधीच्या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या १०० पैकी ९३ व्यक्तींना तोटा झाला. दुकानाचे भांडवल तेथे लावणे शहाणपणाचे नाही.

तक्रार असल्यास प्रथम दलालाकडे लेखी करावी. दाद न मिळाल्यास सेबीच्या ‘स्कोअर्स’ यंत्रणेकडे जावे. फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे, कारण जितका उशीर तितके पैसे हाती लागणे कठीण. काँट्रॅक्ट नोट, बँकेच्या नोंदी आणि संदेश जपून ठेवावेत. मालाची पावती सांभाळण्याची सवय आपणा व्यापाऱ्यांना आहेच, तीच येथेही उपयोगी पडेल.