इंटरनेटवरची गाडी

इंटरनेटला जोडलेल्या मोटारीत मोबाईलसारखेच सिम असते, फक्त ते कायमचे बसवलेले असते. नकाशा, गाणी, बिघाडाची खबर, सॉफ्टवेअरचे अपडेट, सारे त्याच वाटेने ये-जा करते. या वाटेवर कोणाला सोडायचे आणि कोणाला अडवायचे, हा गाडीच्या इंटरनेट-व्यवस्थापनाचा खरा गाभा आहे. वेगाचा विचार त्यानंतर येतो.

याची किंमत जुलै 2015 मध्ये अमेरिकेत कळली. चार्ली मिलर आणि ख्रिस व्हॅलासेक या संशोधकांनी सेंट लुइसमध्ये घरी बसून हमरस्त्यावर धावणाऱ्या जीप चेरोकीचा ताबा मिळवला. आधी एसी, रेडिओ आणि वायपर आपोआप सुरू झाले, मग ॲक्सिलरेटर दाबूनही गाडी पळेना. चालवणाऱ्या पत्रकाराला प्रयोगाची कल्पना होती, तरी मागून ट्रक येत असताना तो हादरला. कारण साधे होते. गाडीतले 6667 क्रमांकाचे पोर्ट पासवर्डविना उघडे होते आणि स्प्रिंट कंपनीच्या मोबाईल नेटवर्कवरून तिथे पोहोचता येत होते. तिथून पुढे मनोरंजनाच्या यंत्रणेतून थेट इंजिनापर्यंत शिरकाव झाला. स्प्रिंटने ते पोर्ट आपल्या नेटवर्कवरच बंद केले. फियाट क्रायस्लरने 14 लाख गाड्यांसाठी रिकॉल जाहीर केला आणि दुरुस्तीचे सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवर घालून मालकांना टपालाने पाठवले.

म्हणूनच गाडीच्या सिमला सार्वजनिक इंटरनेटपासून वेगळी, खासगी वाट देणे आणि मनोरंजन व ब्रेक यांच्या जाळ्यांमध्ये पहारा ठेवणे गरजेचे ठरते. अपडेटवर कंपनीची डिजिटल सही नसेल, तर गाडीने ते नाकारलेच पाहिजे.

प्राधान्य हा दुसरा प्रश्न. समोरच्या गाडीने अचानक ब्रेक मारल्याची सूचना सर्व्हरपर्यंत जाऊन परत येईस्तोवर उशीर होऊ शकतो. त्यामुळे अशा सूचनांसाठी 5.9 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गाडी ते गाडी थेट रेडिओसंदेशाची सोय केली जाते. मोठे अपडेट मात्र गाडी घरी उभी असताना वाय-फायवर उतरले तरी चालते. युरोपीय संघात 2018 पासून नव्या मॉडेलच्या मोटारींना ई-कॉल सक्तीचा आहे: गंभीर अपघात होताच गाडी स्वतः 112 ला फोन लावते. भारतात एआयएस-140 मानकानुसार नव्या सार्वजनिक प्रवासी वाहनांत ठावठिकाणा कळवणारे यंत्र आणि आपत्कालीन बटण लागते.

गाडी पंधरा वर्षे टिकते, नेटवर्क तेवढे टिकेलच असे नाही. 2022 मध्ये अमेरिकेत थ्रीजी बंद झाले आणि अनेक जुन्या गाड्यांच्या जोडलेल्या सेवाही थांबल्या. नवी गाडी घेताना सिमची सेवा आणि सुरक्षेचे अपडेट किती वर्षे मिळणार, हे लेखी विचारून घ्यावे.