दारू सोडतानाचे पहिले चार दिवस

‘मनावर घेतलं तर आज सोडेल,’ असं घरोघरी म्हटलं जातं. गटारी उरकून श्रावण लागला की कित्येक जण खरोखरच एका रात्रीत बाटली बाजूला ठेवतात. अधूनमधून पिणाऱ्याचं त्यात काही बिघडत नाही. पण वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याचं, हात थरथरतात म्हणून सकाळी उठल्याउठल्या घोट घेणाऱ्याचं तसं नाही. दारू मेंदूला सतत मंदावत असते आणि तोल राखण्यासाठी मेंदू आपली उत्तेजना वाढवून बसलेला असतो. दारू एकाएकी थांबली की ती उत्तेजना मोकाट सुटते. तिथे निश्चय पुरत नाही.

शेवटच्या घोटानंतर सहा-आठ तासांत हात कापू लागतात, घाम फुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. आणि आता निभावलं असं वाटत असताना, साधारण ४८ ते ९६ तासांत, काही जण भ्रमात जातात. अंगावर किडे चढताहेत म्हणून माणूस चादर झटकत राहतो, बायकोला ओळखत नाही, अंग तापतं. घरच्यांना वाटतं, बाहेरचं काहीतरी झालं, आणि त्याला देवऋष्याकडे नेलं जातं. हा डिलिरियम ट्रेमेन्स. वेळेत उपचार झाले नाहीत तर माणूस दगावू शकतो.

‘एक सलाईन लावा, ताकद येईल,’ हाही असाच गैरसमज. बहुतेक मद्यपींच्या शरीरात बी-वन जीवनसत्त्वाचा खडखडाट असतो. ते न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते: चाल लटपटते, डोळ्यांची हालचाल बिघडते, कधी स्मरणशक्ती कायमची जाते. म्हणून जाणते डॉक्टर आधी बी-वनचं इंजेक्शन देतात. सोबतच्या लिब्रियमसारख्या गोळ्यांना लोक ‘दुसरी नशा’ म्हणतात. पण त्या फिट टाळण्यासाठी असतात आणि दिवसागणिक कमी करत साधारण आठवड्याभरात थांबवतात.

‘त्याच्या नकळत दारू सोडवा’ अशा जाहिरातींवर माझा फार राग आहे. डायसल्फिरामची गोळी चहा-भाजीत गुपचूप मिसळली आणि तो वर प्यायला, तर रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकतं. ती गोळी माणसाला सांगून, त्याच्या संमतीनेच द्यायची असते.

आठवड्याभरात शरीर सावरतं. व्यसन तिथेच असतं. पुण्यात १९८६ मध्ये अनिल आणि सुनंदा अवचटांनी सुरू केलेल्या मुक्तांगणसारख्या केंद्रांचं खरं काम इथून पुढचं.

घरच्यांनी एक गोष्ट मात्र कधीच लपवू नये. पाय मोडला म्हणून भरती केलेला माणूस तिसऱ्या दिवशी हाडांच्या वॉर्डात बरळू लागतो, सलाईन उपटतो, कारण तो रोज पितो हे लाजेपोटी कुणी सांगितलेलंच नसतं. रोज किती पितो आणि शेवटची कधी घेतली, हे डॉक्टरांना पहिल्याच दिवशी सांगा.