भेगेला तंतूंचा टाका

नोव्हेंबर २०१८पासून डहाणू-तलासरीत भूकंपाचे धक्के सुरू झाले. धुंदलवाडी परिसरात घरांच्या भिंतींना तडे गेले.

वीटकाम दाब सोसते, ताण मात्र सोसत नाही. म्हणून हादऱ्यात खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग धावते. सिमेंट-वाळूच्या मसाल्यात पॉलिप्रॉपिलीनचे बारीक तंतू मिसळले की ते भेगेचे दोन्ही काठ धरून ठेवतात. आधी सुटलेला गिलावा काढायचा, सांधे खरवडायचे, भिंत भिजवायची, मग या मसाल्याचा लेप द्यायचा आणि किमान सात दिवस पाणी मारायचे. भिंतीला जास्त बळकटी हवी तर लेपात जाळीही बसवतात.

डहाणू भागातल्या वारली आदिवासींच्या घरांना ही युक्ती जुनीच: कारवीच्या कुडावर लिंपलेल्या शेणमातीला शेणातले गवताचे तंतूच धरून ठेवतात. मात्र पाया खचला असेल, तर नुसता लेप पुरत नाही.