ट्रिगर व्हीलसाठी कोणता धातू? चकचकीत स्टेनलेस इथे का फसवतं?

शीवच्या आजूबाजूला गाड्या बांधणाऱ्या विद्यार्थ्यांची कमी नाही. एका बाजूला माटुंग्याची व्हीजेटीआय, दुसऱ्या बाजूला विद्याविहारचं के. जे. सोमय्या कॉलेज आणि त्याची 'ओरायन रेसिंग इंडिया' ही फॉर्म्युला स्टुडंट टीम. या स्पर्धांच्या पेट्रोल गटात ७१० सीसीपर्यंतचं इंजिन चालतं. बाइकच्या इंजिनावर वेगळा ईसीयू बसवला आणि मूळ चाक त्याला जुळलं नाही, की ट्रिगर व्हील स्वतः बनवावं लागतं. मग प्रश्न येतो, धातू कोणता?

हे चाक करतं काय?
क्रँकशाफ्टवरचं हे दातेरी चाक सेन्सरसमोरून फिरतं. '६०-२' म्हणजे ६० दात्यांची जागा, त्यातले २ गायब. प्रत्येक दाता ६ अंशांचा. मोकळी जागा दिसली की क्रँक कुठे आहे हे ईसीयूला कळतं आणि त्यावरून स्पार्कची वेळ ठरते. मिनिटाला ६,००० फेऱ्या असताना क्रँक एका मिलिसेकंदात ३६ अंश फिरतो. सिग्नल चुकला तर स्पार्क भलत्या वेळी पडतो. इंजिन नॉक करतं, पिस्टनही फुटू शकतो.

कोणता धातू चालतो?
- माइल्ड स्टील: पहिली पसंती. चुंबकाला लगेच प्रतिसाद देतं, स्वतः फारसं चुंबक बनून राहत नाही. लेझर कटिंगही सोपं. गंजू नये म्हणून झिंक प्लेटिंग करावं.
- स्टेनलेस ३०४: जवळपास अचुंबकीय, म्हणून टाळावं. ४३० ग्रेड मात्र चुंबकीय असतो.
- ॲल्युमिनियम: हलकं, पण नेहमीच्या सेन्सरला त्याचे दाते नीट दिसत नाहीत. त्यात चुंबक बसवून हॉल सेन्सर वापरता येतो.
- कडक केलेलं हाय-कार्बन स्टील: यात चुंबकत्व साठून राहू शकतं, सिग्नल बिघडतो.

सेन्सरचाही विचार करा
व्हीआर सेन्सरचा सिग्नल वेगाबरोबर वाढतो. स्टार्टर फिरताना तो सर्वात कमजोर असतो. त्यामुळे चुकीचा धातू पहिल्यांदा स्टार्ट करतानाच त्रास देतो. हॉल सेन्सरला वेगाचा फरक पडत नाही, पण वेगळा वीजपुरवठा लागतो. दोन्हींत चाक डगमगता कामा नये, कारण दाता आणि सेन्सरमधलं अंतर साधारण एक मिलिमीटरच असतं.

खरेदीआधी काय तपासाल?
खिशात साधं चुंबक ठेवा. पत्र्याला घट्ट चिकटलं तर पुढे जा. नुसतं हलकं ओढलं गेलं, तर तो पत्रा दुकानातच सोडा.

आणि हो, हा प्रयोग स्पर्धेच्या गाडीपुरताच. रस्त्यावरच्या वाहनात फेरफार करण्यावर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार निर्बंध आहेत.