दिसतं तसं नसतं, वर्डमध्येसुद्धा

ऑगस्ट संपत आला की महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या कचेऱ्यांत एकच लगबग असते. आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत, वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यायची आणि तिची नोटीस पूर्ण १४ दिवस आधी सभासदांच्या हाती द्यायची. मग सेक्रेटरी गेल्या वर्षीची वर्डची फाइल उघडतात, तारीख बदलतात, विषयपत्रिकेत दोन नवे विषय घालतात आणि खालचं सगळं कोसळतं. ‘स्थळ’ आणि ‘वेळ’ एका ओळीत राहत नाहीत, सही पुढच्या पानावर एकटीच जाऊन बसते. तासभर स्पेसबार आणि एंटर बडवल्यावर कागद पुन्हा सरळ दिसायला लागतो. पुढच्या वर्षी तोच खेळ.

ती फाइल उघडी असताना एकदा कंट्रोल, शिफ्ट आणि ८ या कळा एकत्र दाबाव्यात (लिब्रेऑफिस रायटर वापरणाऱ्यांनी कंट्रोल आणि एफ१०). एरवी न दिसणाऱ्या खुणा पडद्यावर उमटतात. प्रत्येक स्पेसचा एक ठिपका, प्रत्येक टॅबचा एक बाण आणि प्रत्येक एंटरचं ते उलट्या पी अक्षरासारखं चिन्ह. ‘दिनांक’ उजवीकडे ढकलायला दाबलेल्या स्पेसची ठिपक्यांची लांबलचक रांग दिसते. सही खाली जावी म्हणून मारलेले आठ-दहा एंटर एकाखाली एक उभे असतात. कागदावर जी मांडणी वाटत होती, ती फाइलमध्ये निव्वळ मोकळी जागा होती.

ही सवय टाइपरायटरची. ‘मराठी ३०, इंग्रजी ४० शब्द प्रति मिनिट’ या अटीवर लिपिक-टंकलेखक झालेल्या पिढीने जागा मोजून सोडायची शिस्त बाणवली. तिथे ती बरोबरच होती, कारण कागद हाच दस्तऐवज होता. यंत्र बदललं, बोटं तीच राहिली. आणि वर्डनेही हा गैरसमज जोपासला. पडद्यावर जे दिसेल तेच कागदावर छापलं जाईल, ही कल्पना १९७०च्या दशकात झेरॉक्सच्या पालो आल्टोमधल्या संशोधन केंद्रात ‘ब्राव्हो’ नावाच्या प्रोग्रॅममध्ये आकाराला आली. त्यावर काम केलेले चार्ल्स सिमोनी पुढे मायक्रोसॉफ्टमध्ये गेले आणि १९८३ साली वर्ड बाजारात आलं. कल्पना मोठीच होती. पण पडदा आणि कागद यांचं जुळलं एवढ्यावर आपण समाधान मानलं आणि फाइलच्या पोटात काय आहे हे बघायचं राहून गेलं.

वर्डकडून जास्त काम करून घ्यायचं तर नवी बटणं शिकण्याआधी पोटातलं नीट करावं लागतं. त्याची पहिली पायरी म्हणजे स्टाइल. वरच्या पट्टीवर ‘नॉर्मल’, ‘हेडिंग १’, ‘हेडिंग २’ अशा ज्या चौकटी दिसतात, त्यांना बहुतेक लोक शोभेच्या समजतात. शीर्षक हवं असेल तर मजकूर निवडून ठळक करतात, आकार १६ करतात, मधोमध आणतात. माणसाला ते शीर्षक वाटतं, वर्डला मात्र तो फक्त मोठ्या ठळक अक्षरांतला एक परिच्छेद असतो. त्याच ओळीवर कर्सर ठेवून कंट्रोल, ऑल्ट आणि १ दाबलं की ती ‘हेडिंग १’ होते आणि वर्डला पहिल्यांदा कळतं की हे शीर्षक आहे. मग वार्षिक अहवालाची अनुक्रमणिका पान क्रमांकांसकट आपोआप तयार होते, डावीकडे नेव्हिगेशनच्या पट्टीत सगळी शीर्षकं दिसतात आणि तिथलं एखादं शीर्षक ओढून वर नेलं की त्याखालचा सगळा मजकूर सोबत जातो. सगळ्या शीर्षकांचा रंग बदलायचा तर एका ठिकाणी बदलला की झालं.

मराठीत लिहिणाऱ्याला इथे एक खड्डा लागतो आणि त्यात पडून अनेकांनी स्टाइलचा नाद सोडला आहे. स्टाइलमध्ये आकार १२ चा १४ केला तर इंग्रजी अक्षरं मोठी होतात, मराठी ढिम्म हलत नाहीत. कारण वर्ड एकाच स्टाइलमध्ये दोन वेगळे हिशेब ठेवतं, एक रोमन अक्षरांचा आणि दुसरा ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’चा, ज्यात देवनागरी मोडते. स्टाइलवर उजवी टिचकी मारून ‘मॉडिफाय’, तिथून ‘फॉरमॅट’ आणि ‘फॉन्ट’ या चौकटीत गेलं की दोन्ही विभाग दिसतात. फॉन्ट, आकार आणि ठळकपणा दोन्हीकडे भरायचा. दुसरा विभागच दिसत नसेल तर ऑप्शन्समधल्या भाषांच्या यादीत मराठी जोडायची. लिब्रेऑफिसमध्ये हाच भाग ‘सीटीएल’ या नावाने असतो. फॉन्ट निवडताना पडद्यावर बरा दिसतो म्हणून ‘मंगल’वरच थांबू नये. सुलेखनकार आणि कवी र. कृ. जोशी यांनी मायक्रोसॉफ्टसाठी केलेला हा फॉन्ट विंडोज २०००बरोबर घरोघरी पोचला आणि देवनागरी युनिकोड रुळवण्यात त्याचा वाटा मोठा आहे. पण छापील पानासाठी मुंबईच्या ‘एक टाइप’चा ‘मुक्त’ मला अधिक वाचनीय वाटतो, आणि तो विनामूल्य मिळतो.

सही एकटी पडण्याचं दुखणंही इथेच बरं होतं. ‘आपला विश्वासू’ आणि त्याआधीच्या दोन ओळी निवडून परिच्छेदाच्या चौकटीत ‘लाइन अँड पेज ब्रेक्स’खाली ‘कीप विथ नेक्स्ट’वर खूण केली की पान उलटताना त्या ओळी सहीला सोबत घेऊनच जातात. नवं पान हवं असेल तर एंटरची माळ ओवण्याऐवजी कंट्रोल-एंटर. दोन परिच्छेदांमधली जागा ‘स्पेसिंग आफ्टर’ने. ‘श्री.’ ओळीच्या टोकाला आणि आडनाव पुढच्या ओळीत असं होऊ नये म्हणून त्या दोघांमध्ये साध्या स्पेसऐवजी कंट्रोल-शिफ्ट-स्पेस. नोटिशीत ‘विषय क्र. ७ नुसार’ असा उल्लेख येतो तेव्हा तो ७ हातानं टाइप करू नये. विषयांना वर्डचे क्रमांक द्यावेत आणि उल्लेखाच्या जागी ‘क्रॉस-रेफरन्स’ घालावा. आयत्या वेळी मध्ये एक विषय घुसला, आणि तो घुसतोच, तर कंट्रोल-ए आणि एफ९ दाबलं की सातचा आठ होतो.

आता अक्षरांकडे. इथे दिसण्याची आणि असण्याची फारकत सर्वांत जास्त आहे आणि इंग्रजी पुस्तकांतून शिकलेल्यांना तिचा पत्ताच नसतो. कचेऱ्यांतली पत्रं बघा : ‘विषयः’, ‘संदर्भः’, ‘दिनांकः’. तिथे अपूर्णविराम हवा, टाइप झालेला असतो विसर्ग. दोन्हींत दोन टिंबं, त्यामुळे छापल्यावर कोणाच्या लक्षात येत नाही. पण वर्डच्या दृष्टीने विसर्ग हा शब्दाचाच भाग आहे, म्हणून शोधाशोध करताना आणि शुद्धलेखन तपासताना गोंधळ होतो. त्याहून गमतीची गोष्ट ॲडव्होकेट मंडळींची. ‘ॲड.’मधला ‘ॲ’ दोन प्रकारे लिहिता येतो : ‘अ’ काढून त्यावर चंद्र देऊन, किंवा एकसंध अक्षर म्हणून. हे एकसंध अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात, संगणकाच्या लेखी मात्र वेगळे. एका टंकलेखकाने एक वापरला आणि दुसऱ्याने दुसरा, तर शोध घेताना निम्मे वकील गायब होतात. ‘तऱ्हा’ आणि ‘कचेऱ्या’मधल्या अर्ध्या ‘र’ची तीच कथा. संशय आला तर अक्षराच्या लगेच पुढे कर्सर ठेवून ऑल्ट आणि एक्स दाबावं. वर्ड त्या अक्षराचा युनिकोड क्रमांक दाखवतं (विसर्गाचा ०९०३). पुन्हा ऑल्ट-एक्स दाबलं की अक्षर परत येतं. मग ‘रिप्लेस’ने सगळीकडे एकच रूप करून टाकावं. रिकाम्या एंटरची साफसफाईही ‘रिप्लेस’ करतं : शोधायच्या चौकटीत ‘^’ हे चिन्ह आणि लागून इंग्रजी छोटा पी, असं दोनदा, बदलायच्या चौकटीत तेच एकदा.

जुन्या फाइलींचं दुखणं आणखी खोल. कृतिदेवसारख्या युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये कागदावर ‘क’ दिसतो तेव्हा फाइलमध्ये इंग्रजी डी असतो. फॉन्ट फक्त डीच्या जागी ‘क’चं चित्र दाखवतो. म्हणून तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर नोटीस उघडली की रोमन अक्षरांची खिचडी दिसते. असा मजकूर शोधता येत नाही, मोबाइलवर वाचता येत नाही, वेबसाइटवर टाकता येत नाही. संस्थेचे उपविधी आणि जुनी इतिवृत्तं अशा फॉन्टमध्ये असतील तर ती एकदाच रूपांतर करून घ्यावीत आणि नंतर माणसाच्या डोळ्यांनी तपासावीत. जोडाक्षरं आणि ऱ्हस्व इकार यांत रूपांतर हमखास घसरतं.

थकबाकीच्या पत्रांसाठी मेल मर्ज. एक्सेलमध्ये सदनिका क्रमांक, नाव, जावक क्रमांक, रक्कम आणि मुदत असे रकाने, वर्डमध्ये एकच पत्र, आणि प्रत्येक सभासदासाठी वेगळी प्रत. हे बहुतेकांनी एमएस-सीआयटीच्या वर्गात एकदा करून पाहिलेलं असतं आणि नंतर सोडून दिलेलं असतं, बहुधा तारखेच्या घोळामुळे. एक्सेलमध्ये ०५/०९ असं दिसणारं ५ सप्टेंबर पत्रात अमेरिकी पद्धतीने ९/५ होऊन छापलं जातं आणि सभासद ९ मे वाचून म्हणतो, मुदत केव्हाच संपली की! एक्सेलच्या रकान्यात दिसतो तो नुसता पेहराव. वर्ड आतलं मूळ मूल्य उचलतं. रकमेचंही तसंच, २,३५०.५० चे २३५०.५ होतात. उपाय दोन. पत्रातल्या तारखेवर शिफ्ट-एफ९ दाबून आतलं सूत्र उघडावं आणि शेवटी उलटी तिरकी रेघ, ॲटचं चिन्ह आणि अवतरणात दिवस-महिना-वर्षाचा क्रम लिहावा. त्यात महिन्यासाठी कॅपिटल एम लागतो, कारण छोटा एम म्हणजे मिनिटं. हे किचकट वाटलं तर एक्सेलमध्येच तारीख आणि रक्कम मजकूर म्हणून लिहिलेला वेगळा रकाना करावा. ‘रूल्स’मध्ये जर-तर घालता येतं : थकबाकी शून्य असेल तर आभाराचं वाक्य, नसेल तर व्याजाचं. आणि सरळ छापायला देऊ नये. ‘एडिट इंडिव्हिज्युअल डॉक्युमेंट्स’ने सगळी पत्रं आधी एका फाइलमध्ये काढून चाळावीत.

थकबाकीदारांची यादी लांब असेल तर तक्त्याची पहिली ओळ निवडून ‘रिपीट हेडर रोज’ करावं, म्हणजे प्रत्येक पानावर रकान्यांची नावं येतात. तक्त्याबद्दल एवढं पुरे.

फाइलमध्ये कागदापेक्षा किती जास्त असतं याचा सर्वांत महागडा धडा ब्रिटिश सरकारने २००३ साली घेतला. इराकबद्दलचं एक टिपण पंतप्रधान टोनी ब्लेअर यांच्या कार्यालयाने आपल्या वेबसाइटवर वर्ड फाइल म्हणून ठेवलं. केंब्रिजच्या ग्लेन रंगवाला यांनी दाखवून दिलं की त्यातला मोठा भाग इब्राहिम अल-मराशी या अभ्यासकाच्या लेखातून उचललेला आहे. आणि फाइलच्या पोटात शेवटच्या दहा वेळा ती कोणी, कुठे जतन केली याची नोंद तशीच होती, नावांसकट. ब्लेअर यांचे प्रसिद्धिप्रमुख ॲलिस्टर कॅम्पबेल यांना संसदीय समितीपुढे त्या नावांवरून प्रश्नांना तोंड द्यावं लागलं.

ती नोंद जुन्या पद्धतीच्या फाइलींत असे. २००७पासूनची वर्ड फाइल म्हणजे खरं तर एक झिप फाइल असते. तिच्या प्रतीचं नाव बदलून शेवटी ‘झिप’ लिहिलं तर ती उघडून आतले कप्पे बघता येतात. लेखकाचं नाव, शेवटी कोणी बदल केला, टिपा, आणि ट्रॅक चेंजेस चालू असेल तर खोडलेलं प्रत्येक वाक्य तिथे असतं.

ट्रॅक चेंजेस (कंट्रोल-शिफ्ट-ई) वापरावाच. इतिवृत्ताचा मसुदा कमिटीत फिरवताना कोणी काय बदललं ते त्यातून कळतं, आणि हे चालू करायचं राहून गेलंच तर ‘रिव्ह्यू’मधलं ‘कंपेअर’ दोन फाइली शेजारी ठेवून फरक दाखवतं. पण ‘नो मार्कअप’ निवडलं म्हणजे बदल पक्के झाले असं नाही, ते फक्त डोळ्यांआड होतात. चेअरमननी ‘सभासदांनी आरडाओरडा केला’ हे खोडून ‘सभासदांनी आक्षेप नोंदवला’ असं केलं आणि फाइल तशीच व्हॉट्सॲपच्या गटावर गेली, तर ‘ऑल मार्कअप’ निवडणाऱ्या कोणालाही आरडाओरडा वाचता येतो. बाहेर पाठवण्याआधी ‘ॲक्सेप्ट ऑल चेंजेस’ करावं आणि मग फाइल, इन्फो, ‘चेक फॉर इश्यूज’मधून ‘इन्स्पेक्ट डॉक्युमेंट’ चालवावं. हे मात्र प्रतीवर, कारण तिथे काढून टाकलेलं काही वेळा परत आणता येत नाही. बदलांसकटची मूळ फाइल दप्तरी जपून ठेवावी. पुढच्या सभेत इतिवृत्त कायम करताना हा वाद पुन्हा निघणारच आहे.