मोका केक

मोका केक हा कॉफीचा स्वाद दिलेला चॉकलेट केक होय. 'मोका' हे नाव येमेनमधील तांबड्या समुद्रावरील मोखा या बंदरावरून आले. युरोपात जाणारी कॉफी एकेकाळी प्रामुख्याने तेथूनच रवाना होत असे. त्या कॉफीत चॉकलेट नव्हते. तो अर्थ शब्दाला मागाहून चिकटला.

कॉफी बेताची असल्यास तिची वेगळी चव जाणवत नाही, मात्र कोकोचा कडसरपणा व भाजका गंध ठळक होतो.

एका ८ इंची भांड्यासाठी मैदा ११० ग्रॅम, साखर २०० ग्रॅम, कोको ३५ ग्रॅम, पाऊण चहाचा चमचा खाण्याचा सोडा, एक अंडे, पाव कप तेल, अर्धा कप ताक व अर्धा कप गरम काळी कॉफी पुरते. अंडे शिजू नये म्हणून कॉफी सर्वांत शेवटी, हळूहळू ओततात. मिश्रण धिरड्याच्या पिठाहूनही पातळ होते. ते पाहून मैदा वाढवल्यास केक कोरडा पडतो. १७५ अंश सेल्सियसला तो साधारण ३०–३५ मिनिटांत भाजला जातो.

पाककृतींत नुसता 'कोको' असा उल्लेख असतो, तो अपुरा आहे. साधा कोको आम्लधर्मी असतो. सोड्याशी त्याचा संयोग होऊन कार्बन डायऑक्साइड निर्माण होतो व केक फुगतो. १९व्या शतकात नेदरलँड्सच्या कुनराड व्हॅन हाउटन यांनी रूढ केलेल्या अल्कप्रक्रियेतून मिळणारा 'डच' कोको गडद व सौम्य असतो, पण त्याची आम्लता बहुतांशी गेलेली असते. ताकासारखा आंबट घटक नसताना केवळ सोड्यासह तो वापरल्यास केक बसका होतो आणि चवीला साबणासारखा लागतो. अशा वेळी सोड्याऐवजी बेकिंग पावडर वापरतात.